गालापागोस: छोट्या बोटीवरचा एक दिवस नक्की कसा जातो? (एस्पान्योला बेट, आई आणि अल्बाट्रॉस)

मुक्ता_प्र

नमस्कार मंडळी,

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात गालापागोसला (इक्वाडोरची पॅसिफिकमधली बेटं) जायचं जवळजवळ ठरलंय. मी आणि आई, दोघीच. सोळा प्रवाशांची छोटी बोट, आठ दिवस. आगाऊ रक्कम अजून भरलेली नाही, म्हणून आधी इथे विचारते.

बोटवाल्यांनी जो कार्यक्रम पाठवलाय त्यात रोज तेच लिहिलंय: सकाळी लँडिंग (म्हणजे बेटावर उतरणं), मग स्नॉर्केलिंग, दुपारी लँडिंग, संध्याकाळी माहितीसत्र. यावरून काहीच कळत नाही हो. सबंध दिवस करतात काय? गाइडशिवाय बेटावर पाऊल ठेवता येत नाही असं वाचलं. सोळा जण एका रांगेत गाइडच्या मागे, म्हणजे शाळेची सहलच की. आपलं आपण फिरता येतच नाही का?

आई ६८ वर्षांची आहे. चालती-फिरती आहे, पण डावा गुडघा कुरकुरतो आणि पोहता अजिबात येत नाही. तिला बोट लागेल का याचीही धास्ती आहे. मी ६०० एमएमची लेन्स (फार लांबचं टिपणारी) भाड्याने घ्यायच्या विचारात आहे. घ्यावी का?

आणि मुख्य गोष्ट. आईला एकच पक्षी बघायचाय, अल्बाट्रॉस. कॉलेजात असताना तिने कुठल्याशा मासिकात त्यांच्या नाचाची चित्रं पाहिली होती, ती अजून डोक्यात आहेत. म्हणून मुद्दाम एस्पान्योला बेट असलेला मार्ग निवडलाय. तिथल्या दिवसाबद्दल कुणी सविस्तर सांगितलं तर फार बरं होईल.

अर्धवट_प्रवासी

खर्चाचं तेवढं सांगतो, बाकीचं जाणकार सांगतील. नॅशनल पार्कचं प्रवेशशुल्क परदेशी प्रौढांना आता माणशी २०० डॉलर आहे. ऑगस्ट २०२४ पासून दुप्पट झालं. शिवाय इक्वाडोरच्या मुख्य भूमीवरून विमानात बसण्याआधी २० डॉलरचं ट्रान्झिट कार्ड घ्यावं लागतं. इक्वाडोरचं चलनच डॉलर आहे, त्यामुळे बदलून घ्यायची भानगड नाही, पण पार्कचे पैसे रोख तयार ठेवा. बॅगा तपासतात: फळं, बिया, मातीने भरलेले बूट, काही चालत नाही. माझे ट्रेकिंगचे बूट एका बाईंनी उलटे करून तळव्यातलं गवत काडीने काढायला लावलं होतं.

एकटं फिरणं विसरा. वस्तीच्या बेटांवर गावात फिरता येतं, पण पार्कच्या हद्दीतल्या बहुतेक जागांवर परवानाधारक गाइड लागतोच, आणि एका गाइडमागे जास्तीत जास्त सोळा माणसं. बेटांची ९७ टक्के जमीन पार्कमध्येच आहे.

दुर्बीणवाली

मुक्ता, आधी वाईट बातमी सांगते. जानेवारीच्या अखेरीस एस्पान्योलावर अल्बाट्रॉस नसतात. तुरळकसुद्धा नसतात. डिसेंबर संपता संपता ते बेट सोडतात, समुद्रावर इक्वाडोर-पेरूच्या किनाऱ्याकडे जातात आणि थेट मार्चच्या अखेरीस परत यायला लागतात. आधी नर येतात, मग माद्या. या जातीचे जगातले जवळपास सगळे पक्षी याच एका बेटावर घरटी करतात, त्यामुळे इथे नाहीत तर दुसरीकडे बघू, असंही करता येत नाही. बोटवाले हे आपणहून सांगत नाहीत. त्यांच्या पत्रकाच्या मुखपृष्ठावर अल्बाट्रॉस बाराही महिने नाचत असतो.

आगाऊ रक्कम भरली नाहीस हे फार चांगलं केलंस.

आता दिवसाचं. मी दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गेले होते. तेव्हा माझं वय ६३ आणि गुडघे दोन्ही नाराज, त्यामुळे तुझ्या आईच्या जागी मला धरायला हरकत नाही.

एस्पान्योला हे दक्षिणेचं टोकाचं बेट. रात्रभर बोट चालवून तिथे पोचतात. ऑगस्ट ते ऑक्टोबर समुद्र सगळ्यात खवळलेला असतो, आणि माझी केबिन खालच्या मजल्यावर पार नाकाशी. कागदावर तिला ‘शांत’ म्हटलं होतं. रात्री जेवले ते सगळं समुद्राला परत केलं. पहाटे पावणेसहाला नांगर सोडला तेव्हा ती साखळी माझ्या उशीखालूनच जातेय की काय असं वाटलं. केबिन घेताना बोटीचा मध्य आणि खालचा मजला माग, तिथे हेलकावे कमी असतात. नाकाशी नको, इंजिनाला चिकटून नको. आणि बोट लागायची गोळी पोटात ढवळायला लागल्यावर घेऊन उपयोग नसतो, आधी घ्यावी लागते. कुठली ते आईच्या डॉक्टरांना विचार, तिची इतर औषधं चालू असतील.

सहा वाजता कॉफी घेऊन डेकवर आले. वर डोलकाठीला दोन फ्रिगेट पक्षी बोटीबरोबर तरंगत होते, पंख न हलवता, पतंग बांधून ठेवल्यासारखे. साडेसहाला नाश्ता, आणि आठच्या आत पांग्यात. पांगा म्हणजे बोटीची रबरी होडी. आठ-आठ जण दोन पांग्यांत. पुंता सुआरेस या एस्पान्योलावरच्या उतरायच्या जागी ‘ड्राय लँडिंग’ आहे. ड्राय म्हणजे कोरडं असा अर्थ घेऊ नकोस. पाण्यात उडी मारावी लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ. शेवाळलेल्या दगडी पायऱ्या असतात आणि पांगा वर-खाली होत असतो.

त्या दिवशी पायऱ्यांवर सी लायनची (सीलसारख्या समुद्री प्राण्याची) एक मादी आडवी झोपली होती. तिच्यावरून जायचं नाही, तिला हात लावायचा नाही, दोन मीटरच्या आत जायचं नाही. मग काय, सोळा माणसं लाइफजॅकेट घालून दोन पांग्यांत हेलकावे खात बसली. गाइडने दोनदा टाळ्या वाजवून बघितल्या. बाईसाहेबांनी एक डोळा उघडला, जांभई दिली (माशाचा वास पांग्यापर्यंत आला) आणि कूस बदलली. तेवढ्या कूस बदलण्याने हातभर वाट झाली, तिथून एकेक जण चढलो.

वर आल्यावर मी एका काळ्या दगडावर काठी टेकायला गेले आणि दगडाने मान वळवली. सागरी इग्वाना! एक नव्हे, शंभरेक असतील, एकमेकांच्या अंगावर पाय टाकून ऊन खात पडलेले. समुद्रात बुडी मारून शेवाळ खाणारे सरडे जगात हे एवढेच. पोटात जाणारं जादाचं मीठ ते नाकातून शिंकून टाकतात. हे वाचलेलं होतं, पण एकाने माझ्या पॅंटवर नेम धरला तेव्हा खरं कळलं. वाळल्यावर पांढरे ठिपके उठले, थेट मीठ. एस्पान्योलावरच्या इग्वानांच्या अंगावर तांबडा आणि हिरवट रंग असतो, इतर बेटांवरचे बरेचसे नुसते काळे. ऑक्टोबरात तो रंग फिका होता.

तेवढ्यात पायाशी कुणीतरी ओढतंय. बघते तर मॉकिंगबर्ड माझ्या बुटाची नाडी खेचतोय. या बेटावरचा मॉकिंगबर्ड वेगळा, चोच लांब आणि खाली वाकलेली, स्वभाव गुंडाचा. बेटावर गोडं पाणी जवळपास नाही, त्यामुळे बाटली दिसली की टोळी जमते. एक थेंबही द्यायचा नाही अशी सक्त ताकीद असते. गंमत म्हणजे १८३५ साली डार्विनला बेटागणिक फरक पहिल्यांदा जाणवला तो फिंच पक्ष्यांमध्ये नाही, मॉकिंगबर्डमध्ये. आणि तो एस्पान्योलावर कधी उतरलाच नाही! इथला गुंड त्याला भेटला असता तर नोंदवहीची पानं पळवली असती.

पुढची वाट म्हणजे नुसते गोटे. फुटबॉलएवढे, कलिंगडाएवढे, आणि हलणारे. पुरी फेरी तीन तास चालते. तुझ्या आईसाठी रबरी टोपीची काठी आणि घोटा धरणारे बूट हवेतच.

आता माझ्या मूर्खपणाची गोष्ट. मी तुझ्यासारखीच मोठी लेन्स आणली होती, कॅमेऱ्यासकट तीन किलोचं धूड. अर्ध्या वाटेवर पहिला अल्बाट्रॉस दिसला, कॅमेरा उचलला, तर पडद्यावर ‘कार्ड नाही’. रात्री उलट्यांच्या गडबडीत कार्ड लॅपटॉपमध्येच राहिलं होतं. तीन किलोचा दगड गळ्यात बांधून मी गोट्यांवरून चालत आले होते.

कड्यापाशी पोचल्यावर बाकीचे ब्लोहोलकडे गेले. तिथे लाट खडकाच्या फटीत घुसते आणि फवारा वीस-पंचवीस मीटर वर उडतो. माझा गुडघा संपावर गेला होता. गाइड म्हणाली, वाटेवरच्या या सपाट दगडावर बसा, इथून हलू नका, मला तुम्ही दिसत राहिल्या पाहिजेत. चाळीस मिनिटं बसले. आठ दिवसांत एवढा वेळ एका जागी मी दुसरीकडे कुठेच बसले नाही.

समोर वीसेक पावलांवर कड्याची मोकळी कड. एक अल्बाट्रॉस चालत आला. नुकत्याच बोटीवरून उतरलेल्या माणसासारखी त्याची चाल, मान खाली-वर आणि पाय फेंगडे. कडेपर्यंत आला, खाली वाकून बघितलं आणि परत फिरला. चार पावलं मागे जाऊन पुन्हा आला, पुन्हा बघितलं, पुन्हा परत. तोवर त्याच्या मागे दुसरा येऊन उभा राहिलेला. तिसऱ्या खेपेला वारा समोरून आल्यावर त्याने पंख उघडले. दोन मीटरपेक्षा जास्त पसारा, बंद असताना हे कुठे घडी घालून ठेवलेलं असतं देव जाणे. उघडे पंख घेऊन तो नुसता पुढे झुकला आणि कड्यावरून पडला. दोन सेकंद दिसलाच नाही. मग खालून वर आला तेव्हा चालतानाचा तो वेंधळा पक्षी हाच, यावर विश्वास बसेना. मागचा एक पाऊल पुढे सरकला.

उतरताना मात्र रोज अपघात. एक आतल्या बाजूला उतरला तो पाय टेकताच छातीवर घसरला, कोलांटी खाल्ली, उठून अंग झाडलं आणि कुणी बघितलं नाही ना अशा थाटात झुडपाकडे गेला. झुडपाखाली त्याचं पिल्लू. पिल्लू कसलं, जवळपास त्याच्याच उंचीचं, तपकिरी, न विंचरलेल्या लोकरीचा ढीग. आई-बाप दिवसचे दिवस समुद्रावर असतात आणि पोटात तेलासारखा रस साठवून आणतात. पिल्लाने चोच आडवी लावली आणि घटाघटा प्यालं.

आणि नाच. तो हंगामाच्या सुरुवातीला जोरात असतो, पण जायच्या आधीही थोडा होतो, माझं नशीब. दोघं समोरासमोर. पिवळ्या लांब चोची एकमेकींवर फिरवतात, गोल गोल, तलवारीचा खेळ हळू करून दाखवावा तशा. मग एकदम थांबून चोच सताड उघडी. मिटताना टक्! मग मान आभाळाकडे आणि घशातून म्हशीच्या रेडकासारखा लांब हंबरडा. मग एक जण चालल्यासारखं करतो, दुसरा मागून डुलत जातो, आणि पहिल्यापासून सुरू. मध्येच एकाला काय वाटलं कोण जाणे, पाठीवर खाजवायला लागला. दुसरा चोच वर करून ताटकळत उभा. तुझ्या आईने हे बघायलाच हवं गं. आणि जानेवारीत ते दिसणार नाही, म्हणून एवढं लिहिलं.

दुपारचं थोडक्यात सांगते. गार्डनर बे या त्याच बेटावरच्या किनाऱ्याला ‘वेट लँडिंग’, म्हणजे गुडघाभर पाण्यात उतरायचं. पांढरी मऊ वाळू आणि त्यावर सी लायनच सी लायन. या किनाऱ्यावर गाइडच्या मागे रांगेत चालावं लागत नाही, त्यामुळे तुझी शाळेची सहल इथे सुटते. मी स्नॉर्केलिंगला गेले, पाणी वीस डिग्रीच्या आसपास, वेटसूट असूनही दात वाजले, पंधरा मिनिटांत बाहेर. तुझी आई वाळूत बसून जास्त बघेल. सी लायनचं एक पिल्लू स्वतःहून माझ्याकडे आलं. अशा वेळी मागे सरकायचं असतं, हात लावायचा नाही, कारण आई पिल्लाला वासाने आणि आवाजाने ओळखते. मी मागे मागे सरकत पाण्यात गेले, ते पुढे पुढे! शेवटी समुद्रातून एक मादी हाक मारत आली, किनाऱ्यावरच्या सगळ्या पिल्लांनी माना वर केल्या, पण ओ दिली ती याच एकाने. गेलं तुरुतुरु.

सहाच्या आत सगळ्यांनी बेट सोडायचं. डेकवर पाय आणि बूट धुवून घेतात, एका बेटाची वाळू-बिया दुसऱ्यावर जाऊ नयेत म्हणून. मग उद्याची माहिती, जेवण, नांगर वर. रात्री मागच्या डेकवर नक्की जा. बोटीच्या उजेडात पांढरे पक्षी बरोबर उडत असतात, डोळ्याभोवती लाल कडं. हा स्वॅलो-टेल्ड गल. रात्री शिकार करणारा असा गल पक्षी जगात दुसरा नाही.

लेन्सचं उत्तर एव्हाना कळलं असेल. दोन मीटरवर बसलेल्या पक्ष्याला ६०० एमएम लावलीस तर नाकपुडी येईल. ८x४२ ची (आठ पटीची) दुर्बीण घे, आईला वेगळी आणि तुला वेगळी. १० पटीची बोटीवर थरथरते. फ्लॅश चालत नाही, ड्रोनही नाही.

खारा_वारा

दुर्बीणवाली, लेख झकास, पण जानेवारीला तुम्ही उगाच मोडीत काढलंत.

मी जानेवारीच्या मध्यात गेलो होतो. समुद्र शांत, पाणी २४ च्या आसपास, तासभर पाण्यात राहिलो तरी दात गप्प. ज्यांच्या अंगावर तुम्हाला फिका रंग दिसला ते इग्वाना तेव्हा विणीच्या ऐन भरात असतात. नर असे लाल-हिरवे की कुणीतरी गंमत म्हणून रंगवून सोडलेत असं वाटावं. किनाऱ्यावर हिरवी कासवं रात्री अंडी घालायला येतात, सकाळी वाळूत त्यांच्या वल्हवण्याच्या खुणा दिसतात. मुक्ता, आईला पोहता येत नाही, बोट लागायची भीती आहे, तर ऑक्टोबरच्या समुद्रात तिला ढकलण्याआधी विचार करा.

आणखी एक सांगतो. जानेवारीत पुंता सुआरेसला नाझ्का बूबी या समुद्रपक्ष्याची पिल्लं असतात. हा पक्षी पुष्कळदा दोन अंडी घालतो, काही दिवसांच्या अंतराने. पहिलं फुटलं नाही तर दुसरं असावं म्हणून. दोन्ही फुटली तर थोरलं धाकट्याला घरट्याबाहेर ढकलतं. मी ते बघितलं. घरटं म्हणजे जमिनीवरचं विष्ठेने आखलेलं वर्तुळ. धाकटं त्या पांढऱ्या रेघेच्या बाहेर चार बोटांवर पडलेलं, मान हलवत. आई रेघेच्या आत थोरल्यावर पंख धरून उभी. तिने एकदा चोच खाली करून बघितलं आणि मान वर केली. आमच्यातल्या एकीने गाइडला विनवलं, उचलून आत ठेवा ना. तो म्हणाला, इथे कुणी काही उचलत नाही. बाई परत येताना रडत होत्या. तुमच्या आईला हे झेपेल का ते आधी ठरवा, वाट तिथूनच जाते.

आणि फोटो न निघाल्याचा एवढा अभिमान बरा नव्हे. दोन मीटरचा मुद्दा बरोबर, ६०० नकोच. पण १००-४०० एमएमची लेन्स मी वापरली आणि पांग्यातून बूबी पाण्यात सूर मारतानाचे फोटो त्यानेच आले.

दुर्बीणवाली

खारा_वारा, १००-४०० मान्य. गरम पाणीही मान्य. अभिमान नाही हो, राग आहे, अजून त्या कार्डाकडे बघितलं की चिडते.

पण तुम्ही मुक्ताच्या प्रश्नाला बगल दिलीत. आईला अल्बाट्रॉस बघायचाय. इग्वाना लाल झाले म्हणून त्याची भरपाई कशी होणार? आणि मी तिला ऑक्टोबरात जा म्हटलेलंच नाही. माझा सल्ला एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत. तेव्हा अल्बाट्रॉस आलेले असतात, जोड्या जमत असतात, नाच रंगात असतो, अंडी पडू लागतात. घरटं वगैरे नाही, उघड्या जमिनीवर एकच अंडं, आणि उबवता उबवता ते इकडून तिकडे लोटतही असतात. पाणी अजून फार गार झालेलं नसतं आणि समुद्रही ऑक्टोबरइतका माजलेला नसतो.

मुक्ता, बुक करताना ‘एस्पान्योला’ एवढंच बघू नकोस, ‘पुंता सुआरेस’ हे नाव लेखी माग, अल्बाट्रॉस तिथेच बघायला मिळतात. प्रत्येक बोटीचा मार्ग पार्क ठरवून देतं आणि पंधरा दिवसांच्या आत तीच जागा पुन्हा घेता येत नाही. म्हणून आठ दिवसांत सगळी बेटं कुठलीच बोट दाखवत नाही. पश्चिमेच्या फेरीत पेंग्विन आणि न उडणारे पाणकावळे चांगले दिसतात, पण त्या फेरीत एस्पान्योला बहुधा नसतं. दोन्ही हवं म्हणशील तर दोन आठवडे काढ. आमच्या बोटीवर एक गृहस्थ यादी घेऊन आले होते, रोज रात्री टिका मारायचे, पेंग्विनची टीक राहिली म्हणून शेवटचे दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

जाता जाता कासवांचं सांगते, कारण त्याचा अल्बाट्रॉसशी संबंध आहे. एस्पान्योलाच्या मोठ्या कासवांपैकी फक्त १५ उरली होती. १२ माद्या, ३ नर, आणि त्यातला एक तर सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयातून परत आणलेला, डिएगो. माणसांनी सोडलेल्या बकऱ्यांनी बेट खाऊन टाकलं होतं. बकऱ्या १९७८ पर्यंत काढल्या, कासवं सांताक्रूझ बेटावर वाढवून त्यांची पिल्लं परत सोडली, आणि २०२० च्या जूनमध्ये ते मूळचे पंधराही घरी गेले. पण बकऱ्या गेल्यावर झुडपं माजली. अल्बाट्रॉसला उडायला आणि उतरायला मोकळी जमीन लागते, झुडपांत त्याचे पंख अडकतात. कासवं चालतात, तुडवतात, खातात, वाटा मोकळ्या ठेवतात. पर्यटकांच्या वाटेवर ती कासवं दिसत नाहीत, आतल्या भागात असतात. पण मी दगडावर बसून जी मोकळी कड बघत होते तिच्याकडे हे कळल्यावर वेगळ्या नजरेने बघितलं.

निवांत_कासव

नावामुळे बोलावंसं वाटलं. :) एकच भर. जेवणाच्या टेबलापेक्षा डेकवर बसून क्षितिजाकडे बघितलं की बोट कमी लागते. आणि रात्री बोट हलत असताना जिना उतरायचा तर एक हात कायम कठड्यावर. माझी पायाची करंगळी तिथेच मोडली, पुढचे चार दिवस मी पांग्यातूनच बेटं बघितली. तीही वाईट दिसत नाहीत, पण घोट्याने आणि गुडघ्याने चढता येत असेल तर चढाच.

मुक्ता_प्र

सगळ्यांचे खूप आभार. जानेवारीचा विचार सोडला. आईला हा धागा वाचून दाखवला. म्हणाली, पक्षी घरी नसताना त्यांच्याकडे पाहुणे म्हणून जायचं, आणि वर दोनशे डॉलर द्यायचे? बूबीच्या पिल्लाचं ऐकून बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, तेही बघेन, त्यात काय. आता मेचा दुसरा आठवडा धरून तीन बोटींना पत्रं टाकली. एकीने ‘पुंता सुआरेस’ लिहून दिलंय. दुसरीने एस्पान्योला आहे पण फक्त गार्डनर बे, असं कळवलं. विचारलं नसतं तर फसलो असतो.

दुर्बीणवाली ताई, एक शंका. पांग्यातून पायरीवर चढताना नक्की कसं चढायचं? आईला तीच भीती आहे.

दुर्बीणवाली

घाई करायची नाही, एवढंच. खलाशी पुढे हात करतो, पण पंजा पंजात द्यायचा नाही. ओला पंजा सुटतो. एकमेकांचा हात मनगटाच्या वर, कोपराखाली धरायचा, त्याने तुझा आणि तू त्याचा. दुसरा हात रिकामा हवा, म्हणजे काठी, टोपी, पाण्याची बाटली सगळं आधीच पाठीवरच्या पिशवीत. लाट पांग्याला वर उचलते तेव्हा एकच पाऊल, तेही चांगल्या गुडघ्याचं. खाली जात असताना पाय टाकायचा नाही. खलाशी ‘आता’ म्हणेपर्यंत थांबायचं, पाच मिनिटं लागली तरी थांबायचं. ते लोक रोज करतात, त्यांना आपल्या गुडघ्यांची सवय आहे. उतरताना पांग्याच्या रबरी काठावर आधी बसायचं, मग पाय वळवायचे. आणि उजवा पाय पुढे टाकायची सवय आत्तापासून लाव, ऐन वेळी डावाच पुढे येतो.

मुक्ता_प्र

सवय सुरू झाली ताई. आई रोज संध्याकाळी स्टुलावर उजव्या पायाने चढते, मी खलाशी. काल मी चुकून पंजा पुढे केला तर माझ्यावरच ओरडली, “कोपराखाली धर!”